सुंदरबाईचा जबाब

"तू इतलंच सांग, नवल घरमाच व्हता," हिलाल पुन्हा म्हणाला. "तू त्यानी माय शे ना?"

चाळीसगावच्या पोलीस ठाण्याबाहेर सुंदरबाई बसली होती. नवऱ्याकडे तिने पाहिलंच नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेली गावातल्या भागाबाईची पुष्पा संध्याकाळी झोका खेळून घरी निघाली होती. नवलने तिला खळ्यामागे ओढलं. झटापटीत पोरीचा हात मोडला. लोक धावले म्हणून ती वाचली. आता गाव म्हणत होतं, आखाजीत पोरी मोकाट सुटतात, खिदळतात, मग पोरांचं काय चुकलं? सुंदरबाईला या बोलण्याची चीड आली होती. वर्षातून तेवढेच तर दिवस पोरींच्या वाट्याला येतात!

हिलालने ताट भिरकावलं, की लहानपणी नवल रडायचा, तिच्या पदरात शिरायचा. मिसरूड फुटल्यावर एकदा असंच ताट उडालं, कढी तिच्या अंगावर सांडली, आणि बापाबरोबर नवलही हसला. त्या दिवसापासून घरात ती एकटी पडली.

सुंदरबाई आत गेली तेव्हा नवल गजाआड गुडघ्यात मान घालून बसला होता.

"काबरं कयं रे असं?"

"बठ्ठा गावनामोरे हासनी ती मन्हावर. दोस्त म्हणेत, तू मरद शे का?"

"तिना हात मोडना, नवल."

तो भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "वकील कव्हय येई?"

पुष्पाचं नाव आता तरी घेईल म्हणून ती थांबली. त्याने घेतलं नाही.

फौजदारांनी विचारलं, "बाई, त्या संध्याकाळी मुलगा घरी होता?"

मागे हिलाल खाकरला.  नवल तिच्या पोटचा गोळा होता.

"नही साहेब," ती म्हणाली. "घरमा मी एकलीच व्हतू."

हिलाल तिला तिथेच सोडून निघून गेला. ती पायीच स्टँडवर आली. बाकावर एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. तिने जागा दिली, आपुलकीने चौकशी केली.

"पोरंसोरं?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"एक पोऱ्या शे. नवल."

"काय करस?"

"पोलीसना ताबामा शे. एक पोरगीना अंगवर गया."

म्हातारीने गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. सुंदरबाई आपणहूनच बाकाच्या टोकाला सरकली. मधे आणखी एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी राहिली.