दोन वह्यांच्या मधे

अळीव रात्री भिजत घातले, तर सकाळी पेला उलटा केला तरी पडत नाहीत.

"लाकडी पाळणा देणे आहे. दोनच महिने वापरलाय. डोंबिवली पूर्व. टाइमपासवाल्यांनी मेसेज करू नये."

कारखान्याच्या गेटवर सगळ्यांचे मोबाइल जमा करून घेतात. पाळी सुटली की परत.

एका वहीत : सोनल प्रफुल्ल घाग. पहिलं बाळंतपण. मुलगी, दोन किलो सातशे. माहेरी आहे.

दुसऱ्या वहीत : सोनल घाग. मुलगी. सासरी आहे.

"अभिनंदन! या आठवड्यात तुमचं बाळ लाल भोपळ्याएवढं झालं आहे."

*

हे सगळं जिच्यापाशी येऊन थांबत होतं ती सोनल, मानपाड्याला, गोदाई निवासच्या तिसऱ्या मजल्यावर, दार लावून बसली होती. मुलगी अकरा दिवसांची. भोपळ्याचं अभिनंदन मोबाइलमधल्या अ‍ॅपने पाठवलं होतं. बाळ झालं हे त्याला कळवायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे त्याच्या हिशोबी ती अजून पोटुशी होती.

मजल्यावर चार खोल्या. दोन रिकाम्या. तिसरीत रात्रपाळीचे कामगार राहायचे, ते दिवसा पंखा मोठा करून झोपायचे. चौथी हिची. प्रफुल्लने कारखान्यातून चार दिवसांची रजा काढली होती, ती संपली. सासूबाई संगमेश्वरकडे गावी, मांडीचं हाड मोडून खाटेवर. त्या रोज फोनवर म्हणायच्या, "मी असते तर तुला पाण्यात हात घालू दिला नसता हो." आणि मग फोन ठेवायच्या, कारण त्यांना स्वतःलाच पाणी द्यायला कोणीतरी यायचं असायचं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलं की सगळ्यांना दिसतं. सोनलही गेली होती खडवलीला, सातव्या महिन्यात, ओटी भरून. आई जाऊन चार वर्षं झालेली. घरात भाऊ दौलत, आणि वहिनी दर्शना, तीही दिवस गेलेली. तिची देखभाल करायला तिची आई येऊन राहिली होती.

सोनल त्यांना मावशी म्हणायची. मावशी वाईट नव्हत्या. सोनलला वरणावर तूपही वाढायच्या. फक्त एकदा जेवताना म्हणाल्या, "माझ्या मनात काय नाय हां दौलत. पण जुनी माणसं सांगतात, एका आढ्याखाली दोन बाळंतिणी नसाव्यात. एकीचं दुसरीला भोवतं."

दौलतने ताटाकडे बघितलं. बहिणीकडे नाही.

कळा सुरू झाल्यावर त्यानेच तिला कल्याणला दवाखान्यात नेलं, बाहेर बाकड्यावर रात्रभर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, तेव्हा बॅग रिक्षात ठेवत प्रफुल्लला म्हणाला, "काही दिवस तुमच्याकडेच न्या, भावजी. आमच्याकडे जरा..."

ते वाक्य त्याने पुरं केलं नाही. रिक्षा सुटली.

*

चौथा दिवस. फोन विनिताचा. ही मानपाड्याची आशाताई. गल्लीतल्या पोटुश्या, बाळंतिणी, बाळांचे डोस, सगळं तिच्या वहीत.

"काय गं, सुटलीस का? कुठायस?"

"माहेरी," सोनल म्हणाली. मानपाड्यातल्या स्वतःच्या गॅससमोर उभी राहून म्हणाली.

का? तर विनिताचं माहेर टिटवाळ्याचं. टिटवाळ्याच्या पुढचं स्टेशन खडवली. "माहेरी नाही गेलीस? का गं?" एवढं एकच विचारलं असतं, की त्या उत्तरात ताटाकडे बघणारा दौलत आला असता. आणि मग तो टिटवाळ्यात आला असता, आणि तिथून परत खडवलीत.

सातवा दिवस. फोन खडवलीच्या आशाताईंचा, बायजाबाईंचा. त्यांना वाटत होतं, पोरगी दवाखान्यातून घरी येईल.

"मी सासरी आले, बाई. सासूबाई आल्यात ना इकडे."

"मग बरंय. सासू असली म्हंजे मला काळजी नाय."

कोणाचीच चूक नव्हती. दोघीजणी आपापल्या जागी निर्धास्त झाल्या. बाळंतपणानंतरच्या ज्या भेटी दोघींनी मिळून कितीतरी दिल्या असत्या, त्यातली एकही झाली नाही.

*

सोनल दुपारभर काय शोधत होती ते तिच्या मोबाइलमध्ये क्रमाने राहिलंय :

बाळंतीण मालिश बाई मानपाडा

अंगावर पाजताना दुखणे उपाय

अंगावर पाजताना रक्त

बाळंतपणानंतर रडू येणे नॉर्मल आहे का

छाती दगडासारखी झाली काय करावे

बाळ सारखं झोपते अकरा दिवस

मालिशवाल्या ठमाबाईंचा नंबर तिला मिळाला होता. ठमाबाई म्हणाल्या, "माझी तीन महिन्यांची बुकिंग फुल्ल आहे. पोटात असतानाच सांगायचं असतं गं पोरी." डोंबिवलीतल्या आयांच्या ग्रुपमध्ये तिने छातीचं विचारलं. नऊशे बायका होत्या त्यात. एकीने हात जोडले. एकीने अळीव भिजत घालायला सांगितले. एकीने कोबीचं पान सुचवलं. लगेच खाली पाळण्याचा फोटो आला, दुधाच्या बाटल्या आल्या, कोणाला तरी घरकामाला बाई हवी होती, आणि सोनलचा प्रश्न वर वर सरकत दिसेनासा झाला.

कोबीचं पान लावून ती बसली. अंगात ताप होता. उजव्या बाजूला हात लावला तरी डोळ्यांत पाणी येत होतं. मुलगी तोंड लावायची, दोनदा ओढायची आणि झोपी जायची. सकाळी सातला बदललेला लंगोट दोन वाजता कोरडा होता. तिने तो दोनदा हाताने दाबून पाहिला.

प्रफुल्लचा फोन गेटवरच्या कपाटात वाजत असणार.

तिने विनिताला फोन लावला.

"अरे वा, माहेरवाशिणीला वेळ मिळाला!" विनिता कुठल्यातरी जिन्यावर असावी, दम लागला होता. "मज्जाय बाबा. वहिनी काय काय करून घालते?"

"ताई, जरा विचारायचं होतं. माझं नाही. इथं शेजारी एक आहे. तिला ताप आलाय. छाती एका बाजूने लाल, दगड झालीय."

"बाळ किती दिवसाचं?"

"अकरा."

"ओढतंय का? शू किती वेळा करतंय?"

"सकाळपासून नाही."

विनिताचा आवाज बदलला. "हे घरी बसायचं काम नाय, तिला म्हणावं आज डॉक्टर. आत्ता. हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाज म्हणावं तोवर. बायजाबाईंना बोलाव, त्या येतील की धावत."

"त्यांना तिने सांगितलंय की ती सासरी आहे."

"बरं. मग तिच्या सासरच्या ताईंना कळवू आपण. नाव सांग."

सोनलने मुलीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

"अगं बोल ना. त्यांना काय सांगितलंय तिने?"

"की ती माहेरी आहे."

पलीकडे पावलं भराभर जिना उतरताना ऐकू आली. मग विनिता म्हणाली, "सोनल, कडी काढून ठेव. मी येते."

*

वीस मिनिटांत आली. चपला काढतानाच तोंड सुरू. "अक्कल गहाण टाकलीय का गं? जीव मोठा की माहेरचं नाव मोठं? आणि हे काय, कोबी? भाजी करायचीय का इथं?" बोलता बोलता तिने हात धुतले, सोनलला ताप मोजायचं थर्मामीटर दिलं, मुलीला झोळीत घालून वजनकाट्याला लावलं.

दोन किलो चारशे.

विनिताने काटा परत वाचला. तिने मुलीच्या तळव्यावर टिचकी मारली, परत मारली. मुलगी बारीक रडली. "रड, बाय, रड," ती पुटपुटली.

मग तिने सोनलच्या पाठीमागे उशी लावली आणि हाताने दूध कसं काढायचं ते दाखवलं. सोनलने ओठ दाताखाली धरला. वाटीत दोन चमचे आलं. ते मुलीच्या पोटात गेलं.

"माझं माहेर टिटवाळ्याचं म्हणून सांगितलं नाहीस ना?"

"हो."

"बोलले असते मी," विनिता म्हणाली. "खोटं कशाला सांगू? एकदा तरी बोलून गेले असते कुणापाशी. तरी पण सांगायचं होतंस."

रिक्षात तिने विचारलं, "भावाला लावू फोन?"

"नको."

"वहिनीला?"

"तिचा नववा चालू आहे, ताई. ती घाबरेल."

दवाखान्यात टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटसोबत कोण?" विनिता म्हणाली, "मीच लिहा." दोघींना ठेवून घेतलं. सोनलच्या हाताला सुई लागली, मुलीला वाटीने आणखी पाजलं. विनिताला अजून तीन घरं करायची होती. जाताना तिने सोनलच्या डोक्यावर हात ठेवला, तो थोडा जास्त वेळ राहिला, आणि ती गेली.

पाच वाजता मुलीने लंगोट ओला केला.

सोनलने हात घालून पाहिलं. खरंच ओला, गरम. तिला हे कोणालातरी सांगायचं होतं. प्रफुल्लचा फोन वाजत राहिला. विनिताचा लागत नव्हता. शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. सोनलने दौलतचं नाव काढलं, त्यावर अंगठा ठेवला, उचलला. मग तिने ओला लंगोट काढला, पण बाजूला टाकला नाही. थोडा वेळ तसाच हातात धरून बसली.

त्याआधी, मुलगी पाच दिवसांची असताना, एका सकाळी विनिता गोदाई निवासमध्ये आली होती. चौथ्या मजल्यावर एका बाळाचा दीड महिन्याचा डोस राहिला होता, त्याची चौकशी करून ती सोनलच्या बंद दारापुढून जिना उतरून गेली.