चंद्राचा तास

विज्ञानाच्या बाई वेळेच्या बाबतीत घड्याळाच्याही वरताण होत्या. घंटा व्हायच्या आत खडू हातात आणि पुढच्या घंटेबरोबर वाक्य पूर्ण. अशा बाई एक दिवस चंद्रालाही वेळापत्रकात बसवायला गेल्या, तर त्यात नवल ते काय!

झालं असं, की सातवीचा शुक्रवारचा एक तास मोकळा झाला आणि त्यावर दोघांचा डोळा होता. गणिताच्या सरांना तो उजळणीसाठी हवा होता, बाईंना आकाशासाठी. पुस्तकात आकाशाचा धडा एकच, तोही शेवटचा. परीक्षेच्या घाईत दरवर्षी त्याचाच बळी जायचा. मुलं ग्रहांची नावं पोपटासारखी म्हणायची, पण मान वर करून बघायचं म्हणून कुणी बघायचं नाही. बाईंना याचं मनापासून वाईट वाटायचं.

"अहो, शाळा दिवसा, तारे रात्री," मुख्याध्यापिका सोमवारी म्हणाल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. "दुपारच्या तासाला मुलांना दाखवणार काय, डोंबल?"

"चंद्र. तो दिवसाही दिसतो. आत्ता बघा, ग्रंथालयाच्या छपरावर आहे. उद्या याच वेळी मैदानात या, सगळ्यांना दाखवते."

"दाखवलात तर तास तुमचा. नाहीतर सरांचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरता भरता नवऱ्याने विचारलं, "आणि चंद्र आलाच नाही तर?"

"न यायला काय झालंय? त्याला काय रजा टाकायचीय?" बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

दुपारी आकाश लख्ख होतं. सातवीचा वर्ग ग्रंथालयाकडे तोंड करून उभा राहिला, शेजारी मोठ्या बाई. व्हरांड्यात सर हाताची घडी घालून. आणि छपरावर काहीही नव्हतं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा जवळजवळ तासभर उशिरा उगवतो. हे त्यांनीच याच मुलांना लिहून दिलं होतं, खाली दोन रेघा मारून.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" व्हरांड्यातून आवाज आला.

"ढगामागे गेला असेल, बाई," पहिल्या रांगेतली मॉनिटर त्यांची लाज राखायला धावली.

"कुठाय ढग? चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "रोज उशीर करतो हे मीच शिकवलं आणि मीच विसरले. आत्ता तो छपरामागे आहे. वर यायला अजून वेळ लागेल."

"म्हणजे गणिताच्या तासाला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग खो खो हसला.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "मला तेवढा वेळ नाही. ठरलं ते ठरलं. तास सरांचा," एवढं बोलून त्या ऑफिसात गेल्या.

पुढच्या तासाला बाई शिक्षकखोलीत पेपर तपासत बसल्या. एका मुलीचं बरोबर उत्तर त्यांनी चूक केलं, मग ते खोडलं, आणि शेवटी पेन खाली ठेवलं. चंद्रावर कसला राग? राग स्वतःचा होता.

तेवढ्यात मैदानातून गलका ऐकू आला. बाई व्हरांड्यात आल्या. अख्खी सातवी बाहेर, आणि पुढे हातात खडू घेऊन गणिताचे सर.

"फळ्याकडे एक बघेल तर शपथ!" सर वैतागून म्हणाले. "सगळ्यांच्या माना खिडकीकडे. म्हटलं, बघा एकदाचा तो चंद्र आणि सोडा माझं डोकं."

छपराच्या कडेवर एक फिकट पांढरा तुकडा आला होता, नीट न पुसलेल्या फळ्यावरच्या डागासारखा. तो हळूहळू मोठा होत गेला. मुलं एकदम ओरडली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"उद्या किती वाजता येईल हो?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच काढा की. गणित तुमचं," बाई म्हणाल्या.

सर खाली वाकले आणि व्हरांड्याच्या फरशीवर खडूने आकडे मांडू लागले. मुलांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं.

आरडाओरडा ऐकून मोठ्या बाईंनी ऑफिसची खिडकी उघडली. "काय चाललंय? हा तास कुणाचा आहे?"

सरांनी मान वर केली, ती थेट छपराकडे.

"बाईंचा," ते म्हणाले. "आणि शुक्रवारचा तोही."