हात लावू नकोस

वहिनीने एखादी गोष्ट ठरवली की घरातले बाकीचे फक्त ‘कधी’ एवढंच विचारत. ‘का’ विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे. नकाशे काढणं हा तिचा धंदाच होता. इमारतीला आग लागली तर कुठल्या जिन्याने पळायचं, ते दाखवणारे भिंतीवरचे नकाशे ती काढायची. लोकांनी कुठून कुठे जावं हे दिवसभर ठरवणाऱ्या बाईची ती सवय घरी आल्यावर सुटते थोडीच! कप बशीच्या मधोमध नसला तरी तिचा हात आपोआप पुढे व्हायचा.

त्यामुळे ठकीला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि आता रविवारच्या खेळाचं काय, असा प्रश्न आला, तेव्हा वहिनी म्हणाली, “त्यात काय? ऑनलाइन खेळू. सॉफ्टवेअर मी बघते.”

ठकी म्हणजे तिची नणंद, भावंडांतलं शेंडेफळ. जनावरांची डॉक्टर. रविवारचा खेळ असा असायचा: वहिनी गोष्ट सांगणार आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होणार. वहिनीच्या नवऱ्याची बेकरी होती, खेळात तो आडदांड योद्धा. धाकटा दीर लिफ्ट दुरुस्त करायचा, तो मांत्रिक. ठकी चोर. जेवणाच्या टेबलावर वहिनीने चौकटीच्या कागदावर काढलेली गुहा, आणि तिच्यावर सोंगट्या म्हणून नवऱ्याच्या कोटाचं बटण, दिराचा पितळी नट आणि ठकीचं लशीच्या बाटलीचं निळं झाकण. दार उघडतंय की नाही, राक्षस मरतोय की नाही, ते फासे ठरवणार. दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावायचा नाही, हा नियम वहिनीने पहिल्या दिवशीच घालून दिला होता आणि ठकीने तो एकदाही पाळला नाही. “तिथे काय उभा राहिलास बावळटासारखा?” म्हणत ती दादाचं बटण खुशाल उचलून खांबाआड ठेवायची. मग “हात लावू नकोस!” असा जो गलका व्हायचा, त्यात गुहेतला राक्षस बिचारा ताटकळत बसायचा.

या तिन्ही भावंडांना एकमेकांशी सरळ बोलता येत नसे. ‘बरा आहेस ना’ एवढं विचारायलासुद्धा त्यांना गुहा आणि राक्षस लागायचे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ठकी तिच्याशी कामापुरतं बोलायची. मग खेळ सुरू झाला, ठकीने वहिनीच्या गोष्टीतल्या राजवाड्यातून चांदीचा चमचा पळवला, आणि तिथून दोघींचं जे गूळपीठ जमलं ते जमलंच.

आता मात्र फोनवर ठकी सगळ्यालाच ‘ठीक’ म्हणायची. खोली ठीक, काम ठीक, जेवण ठीक. निघताना ती म्हणाली होती, “एकदा बघू ऑनलाइन. नाही जमलं तर तुम्ही खेळा, माझ्यासाठी अडू नका.” हे वाक्य वहिनीच्या मनात घर करून बसलं होतं. ठकी खेळातून गेली की फोनवरचं ‘ठीक’ तेवढं उरणार आणि हळूहळू तेही आटणार, हे तिला कळत होतं. तिला भीती वाटत होती. पण भीती वाटतेय हे चारचौघांत कबूल करेल तर ती वहिनी कसली!

पहिलं सॉफ्टवेअर तिने निवडलं ते दिसण्यावर भाळून. मशाली फडफडताहेत, भिंतींच्या सावल्या हलताहेत, फासे टाकले की खडखड आवाज. दीर तर खुर्चीतून उठलाच. दूरच्या शहरात मात्र ठकीच्या जुन्या लॅपटॉपला घरघर लागली, आणि ठकी पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजली ती थिजलीच.

“दिसतं तसं नसतं,” नवरा म्हणाला.

“तू गप रे. दुसरं बघते.”

दुसरं म्हणजे शिस्तीचा पुतळा. बेरजा-वजाबाक्या स्वतः करायचं, पाळी कोणाची ते सांगायचं, आणि ज्याची सोंगटी त्यालाच हलवू द्यायचं. बाकीच्यांना कुलूप. ठकीच्या लॅपटॉपवरही ते सुरळीत चाललं. कोणी अडलं नाही, कोणी ओरडलं नाही, खेळ चक्क वेळेआधी संपला.

“बघा! मी म्हटलं नव्हतं?” वहिनी म्हणाली.

“छान झालं, वहिनी,” ठकी म्हणाली आणि गेली.

त्याच आठवड्यात तिचा निरोप आला. पुढच्या रविवारी बहुतेक ड्यूटी आहे, तुम्ही खेळा. ठकीला रविवारी ड्यूटी नसते, हे वहिनीला पाठ होतं.

“अगं, इतकं तर मस्त चाललं होतं,” नवरा म्हणाला. “कमी काय पडलं?”

“तेच शोधतेय,” वहिनी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ‘का’ विचारायची पाळी तिच्यावर आली होती, आणि त्याचा तिला भयंकर राग आला. तिने ठकीला फोन लावला. “हे बघ, ड्यूटीबिटी मला सांगू नकोस. आणखी एक रविवार दे. नाही आवडलं तर पुन्हा या खेळाचं नाव काढणार नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

शब्द तर देऊन बसली. मग तिने शोधून शोधून सगळ्यात साधं सॉफ्टवेअर काढलं. सावल्या नाहीत, आवाज नाहीत. एक कागद, वर चित्रं ठेवायची सोय आणि फासे. नकाशा तिने हाताने काढला. तयार सोंगट्या तिला पसंत पडेनात, म्हणून तिने टेबलाच्या खणातून बटण, नट आणि ठकीचं मागे राहिलेलं निळं झाकण काढलं, त्यांचे फोटो घेतले आणि तेच नकाशावर ठेवले. या सगळ्या गडबडीत सेटिंगमधला एक चौकोन तिच्या नजरेतून सुटला.

रविवारी दुपारी सगळे जमले. झाकण दिसताच ठकी “अय्या!” म्हणाली, पण तेवढंच. खोल दरीवर दोरांचा पूल, पलीकडे राक्षसाच्या आरोळ्या. वहिनी जीव तोडून सांगत होती. पहाटेपासून भट्टीपाशी उभा राहिलेला नवरा जांभया देत होता. आणि एकाएकी त्याचं बटण पुलावरून सरकत मागे आलं.

“मी नाही हलवलं,” तो दचकून म्हणाला.

“मी हलवलं!” ठकी ओरडली. “म्हणजे हलतंय हे! दादा, पुलाच्या मधोमध उभा राहून झोपा काय काढतोयस?”

“ठके, हात लावू नकोस!”

“लावणार!”

“अगं, माझा नट कुठे गेला?” दीर ओरडला. “दरीत टाकला हिने! वहिनी, काहीतरी बिघडलंय. कुलूप लाव आधी!”

वहिनीला तो चौकोन सापडला. ‘कोणीही कोणतीही सोंगटी हलवू शकतो’ या ओळीपुढे खूण होती. ती काढून टाकायला तिने माउसचा बाण तिथवर नेलासुद्धा. तेवढ्यात तिची नजर वरच्या छोट्या खिडकीकडे गेली. ठकी पडद्यावर अशी ओणवी झाली होती, जशी ती टेबलावर ओणवी व्हायची. केस तोंडावर, डोळ्यांत हसून हसून पाणी.

वहिनीने हात मागे घेतला. “कसलं कुलूप?” ती म्हणाली. “हे असंच आहे. मी मुद्दामच निवडलंय.”

“काय ओरडलास रे भाऊ,” ठकी धापा टाकत म्हणाली. “इथे आल्यापासून माझ्यावर कोणी ओरडलंच नाही. सगळे मॅडम मॅडम करतात. आणि रविवारी ती खोली नुसती खायला उठते.”

हे ती चोर म्हणून बोलली नव्हती. दोघा भावांना काय करावं सुचेना. दीर उगाच चष्मा पुसायला लागला.

“आधी सांगितलं का नाहीस?” दादाने विचारलं.

“तू विचारलंस?”

निळं झाकण हळूहळू सरकायला लागलं आणि बटणाच्या मागे येऊन थांबलं. “इथे उभी राहा,” दादा म्हणाला. “पुढे मी जातो.” ठकीने ते तिथेच राहू दिलं.

त्या दिवशी राक्षसाची पाळी आलीच नाही. ठकीच्या खोलीला खिडकी किती, शेजारी कोण, कोणत्या घोडीने तिचा अंगठा चावला, हे सगळं पुलावर उभ्याउभ्याच निघालं. भट्टी लावायची वेळ झाली तेव्हा दादा उठला, पाठोपाठ दीर गेला. वहिनी नकाशा बंद करणार, तोच झाकण पुन्हा हललं.

ठकी अजून होती. तिने पुलाच्या अलीकडे एक शेकोटी काढली. बटण आणून शेजारी ठेवलं, नट दरीतून वर काढला. मग नकाशावर एक नवीनच सोंगटी आली: चांदीचा चमचा.

“हा कोणाचा?” वहिनीने विचारलं.

“तुझा. इतकी वर्षं तू गोष्ट सांगतेस आणि तुझी सोंगटीच नाही. ये, बस.”

वहिनीने चमचा शेकोटीपाशी नेला, अगदी झाकणाला लागून. झाकण तेवढं चौकटीच्या रेघेवर तिरकं पडलं होतं. सवयीने तिचा हात पुढे झाला, आणि ती ते हळूच सरळ करायला गेली.

“वहिनी,” ठकी कडाडली, “हात लावू नकोस!”