छपराला धरून ठेवणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे. रुंदीला दोन बोटे, अंगाला गंज. पण मालगुंडच्या काशीचे छप्पर आम्ही चौदा बहिणींनी धरून ठेवले, हे मी मान ताठ ठेवूनच सांगणार.

आधी मी बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरचे लोखंडी कडे होते. चाक मोडले, तेव्हा भागोजी लोहाराने मला भट्टीत घालून ठोकून सरळ केले. जन्मभर जमिनीवर फिरलेली मी एकोणीसशे अठ्ठावीस साली छपराशी जाऊन बसले.

काशीचे घर समुद्रासमोर, अगदी उघड्यावर. आदल्या वर्षी वाऱ्याने त्याचे छप्पर उचलून माडांत फेकले होते. तिचा नवरा सखाराम बोटीवर खलाशी. त्याने निक्षून सांगितले, "आणखी एकदा उडालं तर कुलूप घालून मुंबईस चलायचं." काशीला मुंबईची खोली नको होती. तिला तिची विहीर आणि स्वतः लावलेली दोन कलमे हवी होती.

नवे छप्पर घालायला आलेला आत्माराम सुतार हाताचा कसबी, पण हट्टी. "वयनी, कौलांवर चिरे ठेवू. वजन असलं की वारा काय करतोय?"

सखाराम हसला. "दादा, शीड कधी खाली दाबतं काय? वारा खालून शिरला की उचलणारच. छप्पर बांधून घाला."

मग आत्मारामाने मला वाशावरून वळवले आणि भिंतीवर टाकलेल्या आडव्या लाकडाला खिळ्यांनी जखडले. आढ्याची पूजा झाली, नारळ फुटला. सखाराम बोटीवर परत गेला. मीही खूश होते, कारण मला काही कळत नव्हते.

कळले काशीला. ती वर बघत म्हणाली, "दादा, वासा या लाकडाला बांधलात. हे लाकूड कशाला बांधलंय?"

"ते कशाला बांधायचं? भिंतीवर बसलंय की."

"मग टोपली टोपलीला बांधल्यासारखं झालं. वारा दोन्ही घेऊन जायचा."

आत्मारामाचा चेहरा उतरला. "नारळ फुटल्यावर कामाला कोण हात लावतं, वयनी?"

"मी लावत्ये," म्हणत काशी पदर खोचून शिडी चढू लागली. तेव्हा तो हत्यारे घेऊन उठला. भागोजीने आम्हा प्रत्येकीला हातभर तुकडा जोडून दिला. भिंतीचे तीन थर चिरे काढून आमची टोके खाली अडकवली, आणि वर चिरे पुन्हा चुन्यात बसवले. आता छपराला उडायचे तर भिंत घेऊनच उडावे लागणार होते!

पुढल्या वर्षी कार्तिकात भर दुपारी वादळ आले. वारा वळचणीखालून शिरला आणि वासा मला वर ओढू लागला. खिळे कुरकुरले. मी भ्याले, खोटे कशाला बोलू? पण चिऱ्यांनी माझे टोक सोडले नाही. पन्नासेक कौले गेली, वासा एकही हलला नाही. आत्माराम गावभर सांगत सुटला, "हात माझा, अक्कल वयनीची." मुंबईचे नाव सखारामाने पुन्हा काढले नाही.

त्या वर्षापासून खंडेनवमीला कोयती-विळीबरोबर काशी शिडी चढून मलाही कुंकू लावू लागली. मी फुगले. खारा वारा मला आतून खात होता, पण दहा वर्षे कोणी कुंकवाखाली पाहिले नाही. मलाही ते बरे वाटायचे.

यंदा कुंकू लावताना गंजाची खपली काशीच्या बोटाला चिकटून आली. ती थबकली. तिने खिळा हलवला, तर तो सरळ हातात आला. "अगो बाई! मी इतकी वर्सं हिच्या पाया पडत्ये, आणि ही अशी?" त्याच दिवशी तिने आत्मारामाला बोलावणे धाडले. भिंत पुन्हा उघडली आणि आम्हा चौदाजणींच्या जागी नव्या, तेल पाजलेल्या पट्ट्या आल्या.

मी आता पडवीत पडून आहे. मित्रांनो, मला वाईट वाटले, पण काशी त्याच छपराखाली नांदते आहे, आणि माझा जन्म त्याचसाठी होता. तुमच्या घरालाही माझ्यासारखी कोणी असेल. तिला कुंकू जरूर लावा. पण आधी वर चढा आणि तिचा खिळा हलवून बघा.