पिवळं पाकीट

संचालकांनी शुक्रवारी डबा खाता खाता सांगून टाकलं होतं, "पेइ-चेन, तुझं यंत्र बंद करायचं ठरलंय. मंगळवारी समिती येईल, बघेल, पण ते आपलं रीतीपुरतं. तोवर कुणाजवळ बोलू नकोस." तिचा करार त्या यंत्रापुरताच होता, म्हणजे नोकरीही गेली. "बरं," पेइ-चेन म्हणाली आणि डब्यातलं अंडं संपवलं. संपल्यावर लक्षात आलं, अंडं नकोच होतं.

शिन्चू शहरातल्या त्या सरकारी प्रयोगशाळेत, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून, प्रत्येकाच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट असतं. हिरवंच. हिरवा दिवा म्हणजे सगळं सुरळीत. पाकिटाची मुदत संपू द्यायची नाही, आणि यंत्र चालू असताना ते फोडायचं नाही. डॉक्टरेट झालेली माणसंही यावर हसतात आणि पाळतात.

मंगळवारी पेइ-चेनच्या यंत्रावर पिवळं पाकीट होतं.

"क्वेदादा, हे काय?" शेजारच्या यंत्रावरची शू-हुइ किंचाळली.

"हिरवी संपली होती दुकानात." क्वेदादा म्हणजे साठीला टेकलेला तंत्रज्ञ, पहिल्या दिवसापासून पेइ-चेनसोबत. "जुन्याची मुदत संपलेली. म्हटलं, काही नसण्यापेक्षा..."

"पिवळं म्हणजे सावधान! लालच आणायचं होतंत, बंदच पडलं असतं!"

"मग तुझं दे आजच्यापुरतं."

"आणि माझं यंत्र रुसलं तर तुमची सून येणार का समजूत काढायला?"

दोघंही पेइ-चेनकडे बघायला लागली. "राहू दे," ती म्हणाली. आपला आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

समिती आली. यंत्र इतकं शहाण्यासारखं वागलं की बघत राहावं. पंपांचा सूर हलला नाही, पडद्यावर आलेख स्वच्छ उमटला. एक म्हातारे सभासद म्हणाले, "छान जपलंय." मयताला आलेली माणसं 'चेहरा शांत दिसतो' म्हणतात, त्याच सुरात.

संध्याकाळी संचालक आले, यंत्र बंद करण्याचा निर्णय सांगून लगबगीने निघून गेले.

क्वेदादा स्टुलावर बसला. "तीन दुकानं पाहिली. बसस्टँडजवळच्या दुकानात मिळालं असतं. पाय दुखत होते म्हणून परत फिरलो."

"पाकिटाचा काय संबंध, दादा?"

"तुमची नोकरी मी घालवली, डॉक्टरबाई."

पेइ-चेनला काहीच वाटत नव्हतं. एवढंच दिसत होतं, की हा माणूस आता उरलेलं आयुष्य त्या बसस्टँडजवळच्या दुकानाचा विचार करत काढणार.

"शुक्रवारीच ठरलं होतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

क्वेदादा तिच्याकडे वळला. "आणि सकाळी ती पोर माझं डोकं खात होती, तेव्हा मूग गिळून बसलात?"

"सांगू नको म्हणाले होते."

"मी इस्त्रीचा शर्ट घातला! सगळ्यांपुढे वाकवाकून कंबर गेली माझी!" रागारागाने उठून त्याने पाकीट खाली ओढलं आणि फोडायला गेला.

"थांबा. यंत्र चालू आहे."

त्याचा हात जागीच थांबला. तो चूक सापडल्यासारखा ओशाळला.

मग तिनेच एकेक पंप बंद केला. सूर खाली खाली गेला आणि थांबला. या खोलीत भिंतीवरचं घड्याळ वाजतं, हे तिला आज कळलं.

क्वेदादाने पाकीट फोडून पुढे केलं. "कसं लागतंय?"

"कळत नाही," पेइ-चेन म्हणाली, आणि पुन्हा पाकिटात हात घातला.