वाळूत रुतलेलं चिलखती जहाज

अहो, नदीत उतारू वाहणारी ती म्हातारी आगबोट! तिला लोखंडी पत्रे ठोकून लढाऊ जहाज करायचं म्हटल्यावर दुबईच्या खाडीकाठची सगळी बर दुबई वस्ती हसली होती. पण त्रेसष्ट साल ते, यमनमध्ये यादवी पेटलेली. तिथल्या एका व्यापाऱ्याला आपल्या पक्षासाठी जहाज हवं होतं, आणि रत्नागिरीचा खैरुद्दीन मिस्त्री छाती ठोकून म्हणाला, "मी करतो!" तीन महिने घण घातले पठ्ठ्याने.

आज निघायचा दिवस. खाडीच्या तोंडापर्यंत सोडायला खैरुद्दीनही जहाजावर होता. इंजिनावर त्याचा धाकटा भाऊ नूरुद्दीन. तो जहाजाबरोबर थेट लढाईवर जाणार होता. खैरुद्दीनच्या बायकोने, सुरैय्याने, सकाळीच तोंड सोडलं होतं.

"तुमच्या भावाला पोरासारखं मी वाढवलंय. तुमचं जहाज अडकलं ना, तर अल्लाचे आभार मानायला शुक्रान्याची नमाज पढेन मी!"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस!" तो खेकसला होता.

आणि घ्या! खाडीच्या तोंडाशी जहाज वाळूत रुतलं. व्यापारी ओरडला, "ही भरती गेली तर खलास! सौदा रद्द, सगळे खाली उतरा!" काठावर अख्खा बाजार जमलेला. खैरुद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलं कुठे? आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. तळातले दगड! शिडाचं गलबत कलंडू नये म्हणून तळात दगड भरायचे, ही बापजाद्यांची रीत. त्याच सवयीने त्याने इथेही गावाहून गलबतांतून आलेले जांभ्याचे दगड भरले होते. अरे, पण सपाट बुडाच्या बोटीला, त्यात अंगावर एवढं लोखंड असताना, दगड हवेत कशाला?

"फेका दगड! यल्ला, चला लवकर!" तो ओरडला.

धपाधप पाणी उडालं. नूरुद्दीनही वर धावत येऊन दगड फेकू लागला. शेवटचा दगड खैरुद्दीनच्या हातात असतानाच जहाज हललं, डुललं आणि सुटलं! काठावर एकच कल्ला झाला.

"भाई, सुटलो!" नूरुद्दीनने मिठी मारली. खैरुद्दीन तर दगड हातात घेऊन नाचतच होता.

मग त्याला परत न्यायला होडी आली. फक्त त्याला. त्याचा नाच थांबला. धाकटा तर लढाईवर निघाला होता. हातातला दगड त्याने भावाच्या हातात कोंबला.

"गावचा आहे. मला परत हवाय. तू स्वतः आणून द्यायचास, समजलं?"

"इन्शाल्ला, भाई."

घरी सुरैय्या नमाजाची चटई, जानमाज, अंथरून बसली होती. "अडकलं होतं म्हणे?" तिने आशेने विचारलं.

"अडकलं होतं," खैरुद्दीन म्हणाला. "मीच सोडवलं."