तिसऱ्या मजल्याची ट्रॉली

मित्रांनो, मी एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरची जुनी ट्रॉली आहे. वर साबण आणि टॉवेल, खाली घडीच्या चादरी, एका अंगाला मळक्या कपड्यांची पिशवी, दुसऱ्या अंगाला बादली, असा माझा संसार. माझं पुढचं चाक असं कुरकुरतं, की एकदा एका पाहुण्याला खोलीत पाखरू शिरल्यासारखं वाटलं. शोधता शोधता तो पलंगाखाली अडकला आणि त्याला ओढून काढायला तिघं लागली. खोटं वाटत असेल तर पलंगाला विचारा.

मी नवी होते तेव्हा मजल्यावर खोल्या चोवीस आणि त्या आवरणाऱ्या बाया चार. मग एक वर्ष असं आलं, की पाहुणेच येईनात. दारांच्या मुठींवर धूळ बसली. दोघींना घरी पाठवलं. पाहुणे परतले, पण त्या दोघींना काही कोणी बोलावलं नाही. उरल्या त्या दोन सख्ख्या जावा. थोरली बोलायला फटकळ, धाकटी मान खाली घालून काम करणारी. बारा-बारा खोल्यांत दोघींचा दिवस सरायचा.

मग धाकटीच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. आजारपणाची रजा मागणाऱ्याला इथे पुन्हा बोलावत नाहीत, हे दोघींनी पाहिलेलं होतं. थोरलीने तिला दटावलं, की तू गुमान दवाखान्यात जा, इथलं मी बघते.

माझ्या दांड्याला रोज एक कागद अडकवतात. जी खोली आवरून झाली, तिच्यापुढे आवरणारीने सही करायची. आठ दिवस थोरलीने चोवीस खोल्या एकटीने आवरल्या आणि निम्म्या खोल्यांपुढे धाकटीची सही केली. जेवणाचा डबा माझ्या खालच्या कप्प्यात तसाच राहायचा. न्हाणीघराची फरशी पुसून उठताना ती माझाच आधार घ्यायची. मी या लबाडीत सामील होते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

घात केला तो कौतुकाने. धोबीदादा भला माणूस, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने मॅनेजरसाहेबांपुढे थोरलीची तारीफ केली, "एकटी बाई अख्खा मजला ओढते, साहेब."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे एकीत भागतं."

धाकटी टाके काढून कामावर आली, ती गणवेश परत करूनच गेली. थोरली जिन्यापर्यंत तिच्यामागे गेली. धाकटीनेच तिच्या हातावर हात ठेवला. "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," म्हणाली आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने बारा खोल्या आवरल्या, अगदी चोख, आणि मला तेराव्या दारापाशी उभं केलं. खाली पाहुणे बॅगा घेऊन ताटकळत होते. साहेब धावत वर आले.

"परवापर्यंत चोवीस होत होत्या ना?"

"जावेची नोकरी राहावी म्हणून त्या केल्या. आता कोणासाठी करू?"

साहेबांनी टाय खांद्यावर टाकून मला स्वतः ढकललं. एका खोलीला त्यांना तास लागला, आणि चादर अशी घातली, की तिच्यावर मांजरानेही अंग टाकलं नसतं. आठवडाभर असंच चाललं, मग घाम पुसत त्यांनी धाकटीला फोन लावला आणि फोन थोरलीच्या हाती दिला, की तिला परत ये म्हणावं, तूच समजाव. थोरलीने कसं समजावलं माहीत आहे? तिने निरोप जसाच्या तसा सांगितला आणि पुढे एक शब्द जोडला नाही.

पलीकडून धाकटीचा आवाज आला, "साहेबांना सांगा ताई, मला दुसरीकडे काम लागलं. तिथे माणसाला आजारी पडता येतं."

आता गेटावर 'माणसं पाहिजेत' अशी पाटी आहे. लोक ती वाचतात आणि पुढे जातात. मजल्यावरच्या बारा खोल्या बंद आहेत.

मित्रांनो, कधी हॉटेलात उतरलात तर ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, तो उचलायला कोणाला तरी वाकावं लागतं. आणि मोठेपणी कोणाचे साहेब झालात, तर एखाद्याने मायेपोटी चार दिवस ओढलेलं दोघांचं काम हे त्याचं रोजचं माप धरू नका.